बायकांची रांग आणि तेहतीस अनारसे

आपल्याकडे पी.आर.ओ. म्हटलं की टाय लावलेला, पत्रकारांना चहा पाजणारा, उगाच हसणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आखातात पी.आर.ओ. म्हणजे रांगेत उभा राहणारा माणूस. कंपनीतल्या लोकांचे पासपोर्ट पिशवीत घालून तो सकाळी निघतो, इमिग्रेशनच्या खिडकीशी उभा राहतो, व्हिसा काढतो, वाढवतो आणि वेळ आली की रद्द करतो. हे काम मी दुबईच्या जबल अलीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत सतरा वर्षं केलं. बाई असून केलं, असं नाशिकला आल्यावर लोक कौतुकानं म्हणतात. अहो, बाई असून नाही, बाई होते म्हणून केलं.

मी मुळात तिथे टायपिस्ट. आमचा इजिप्शियन पी.आर.ओ. एकदा पाय मोडून घरी बसला आणि साहेबांनी पिशवी माझ्या हातात दिली. इमिग्रेशनमध्ये जाऊन बघते तर पुरुषांची रांग दारापासून पार्किंगपर्यंत, आणि बायकांच्या खिडकीपुढे मी एकटी. पंधरा मिनिटांत काम उरकून परत आले. साहेब लेबनीज, मिस्टर जॉर्ज. ते म्हणाले, "मंगला, तू गेलीच नाहीस ना?" मी शिक्के दाखवले. त्या दिवसापासून इजिप्शियनची पिशवी माझी झाली. पाय बरा झाल्यावर तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

नियम मला तोंडपाठ होते. नवरा बायकोला आणू शकतो, बाप मुलांना. बायकोही नवऱ्याला आणू शकते, पण ती डॉक्टर, नर्स, शिक्षिका अशी कोणी असली तर, आणि मग त्या नवऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असत. या सगळ्याच्या मुळाशी एक कागद, लग्नाचा दाखला. तो मंत्रालयातून, मग दिल्लीहून, मग वकिलातीतून शिक्के खात खात यायचा. एकदा पुण्याच्या एका इंजिनिअरची बायको पासपोर्टवर वैशाली आणि दाखल्यावर मृण्मयी निघाली. खिडकीमागची एमिराती मुलगी म्हणाली, "सिस्टर, टू वाइव्ज?" मी तिला समजावलं की आमच्यात लग्नात नवरा ताटातल्या तांदळांवर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. ती म्हणाली, "व्हाय? ओल्ड नेम ब्रोकन?"  

असा कुठलाही दाखला माझ्यापुढे ठेवा, मी वाट काढायची. एकच दाखला असा आला की मी हात टेकले. आमच्याकडे एक इंग्रज प्रोजेक्ट मॅनेजर होते. त्यांनी एकदा केबिनचं दार लोटून माझ्यापुढे लंडनचा एक नोंदणीचा कागद ठेवला. त्यावर दोन नावं, एक त्यांचं आणि एक ब्राझीलच्या माणसाचं. दोन्ही पुरुष. "मंगला, हे इथे अटेस्ट होईल का?" म्हणाले. माझे कान तापले. मी कागद पालथा घातला आणि सांगितलं, "सर, हा लंडनला दाखला आहे, इथे कबुलीजबाब आहे. लॉकरमध्ये ठेवा आणि कोणाला दाखवू नका." यात काही चुकलं नाही. तिथे त्या नात्याला व्हिसा नाही, तुरुंग आहे.

चुकलं ते पुढे. आमची महिन्याची भिशी होती, शारजात माझ्या मैत्रिणीकडे, रोहिणीकडे. नाव न घेता का होईना, पण मी त्या साहेबाची नक्कल केली. तो कसा लाजला, कागद कसा पुढे सरकवला, सगळं. बायका पोट धरधरून हसल्या. रोहिणी चहा ओतत होती. ती हसली की नाही, हे मी पाहिलंच नाही.

आता रोहिणीचं घर सांगते. नवरा प्रभाकर, उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघायचे, दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. एकुलता एक मुलगा नचिकेत, जन्म शारजातला, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. स्ट्रक्चरल इंजिनिअर झाला, दुबईत नोकरी लागली, तेव्हा तिथल्या करामा भागात फ्लॅट घेऊन राहिला. सोबत रामिल, फिलिपिन्सचा, गोल चेहऱ्याचा, गाणारा मुलगा. "काकू, माझ्या रूममेटला जॉब बघा ना," असं नचिकेतनं सांगितलं म्हणून मीच त्याला आमच्याकडे ड्राफ्ट्समन म्हणून चिकटवला होता. त्याचा व्हिसाही मीच काढला. रामिल मला "मॅम मंगला" म्हणायचा आणि माझ्या डब्यातली मिरचीची भजी खाऊन डोळ्यांतून पाणी काढत "मोर" म्हणायचा.

आणि मी काय करत होते? नचिकेतसाठी मुली बघत होते. तीन स्थळं नेली. एक ठाण्याची आर्किटेक्ट, एक मस्कतची, एक तर साक्षात माझी भाची. रोहिणी दर वेळी पत्रिका ठेवून घ्यायची आणि आठवड्यानं म्हणायची, "नाही गं जुळत."

२००८ची दिवाळी झाली आणि दुबईतल्या क्रेन उभ्या जागी थांबल्या. व्हिसा काढणारी मी, आता व्हिसा रद्द करणारी झाले. तिथे नोकरी म्हणजेच व्हिसा. नोकरी गेली की मी पासपोर्टवर रद्दचा शिक्का आणायचा, आणि त्या दिवसापासून तीस दिवसांत माणसानं देश सोडायचा. मग तो तिथे पाच वर्षं राहिलेला असो की पंचवीस. फेब्रुवारीत साहेबांनी चाळीस नावांची यादी दिली. एकोणिसाव्या नंबरावर रामिल होता.

त्याच शुक्रवारी नचिकेत माझ्या घरी आला. आला तो दारातच उभा. हातात एक लिफाफा.

"काकू, यू नो फॉर्म्स. प्लीज रीड धिस. अँड प्लीज डोंट फ्रीक आउट."

पत्र कॅनडाच्या वकिलातीचं होतं. मंदी यायच्या आधीच त्यानं तिथे कायम राहायला अर्ज केला होता. त्याचं शिक्षण, अनुभव, सगळं मान्य होतं. हरकत दुसऱ्याच नावावर होती. अर्जात त्यानं सोबत येणारा जोडीदार म्हणून रामिलचं नाव घातलं होतं. वकिलात म्हणत होती, तुम्ही दोघं जोडपं म्हणून किमान वर्षभर एकत्र राहिलात याचा पुरावा पाठवा, आणि दोघांनी एकत्र वकिलातीत येऊन शपथपत्रावर सह्या करा.

मी पत्र दोनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, मी काही लगेच मोठ्या मनाची झाले नाही. मला पहिला आला तो संताप.

"मेल्या, तीन स्थळं आणली मी तुझ्यासाठी! माझ्या भाचीची पत्रिकासुद्धा!"

"आय नो, काकू. सॉरी."

"सॉरी काय! छत्तीस गुण जुळत होते!"

तो हसला आणि हसता हसता रडायलाच लागला. सव्वीस वर्षांचा घोडा माझ्या सोफ्यावर बसून रडतोय म्हटल्यावर मी काय करणार? चहा टाकला. चहा पिता पिता त्यानं हिशेब मांडला, आणि तो माझ्याच धंद्यातला असल्यामुळे मला लगेच कळला. इथे नचिकेत रामिलला स्पॉन्सर करू शकत नाही. भारतात रामिलला नचिकेतचा कोणी म्हणून व्हिसा नाही. फिलिपिन्समध्ये उलट तेच. दोघांना एकत्र ठेवून घेईल असा, त्यांच्या हाताला लागण्यासारखा एकच देश होता, आणि तो पुरावा मागत होता. पुरावा नाही मिळाला तर नचिकेत टोरांटोला, रामिल मनिलाला. खलास.

"मग पाठव की पुरावा," मी म्हटलं.

"काकू, चार वर्षं आम्ही फक्त पुरावा नष्ट केलाय."

खरंच होतं. घरभाडं एकाच्या नावावर, बँकेची खाती वेगळी. फोटो काढायचे नाहीत, काढले तर मध्ये तिसरा माणूस उभा करायचा. कोणी येणार असलं की दुसऱ्या खोलीतल्या पलंगावर चादर चुरगळून ठेवायची. मी म्हटलं, एका घरात राहतात असं कंपनीच्या कागदावर लिहून देते. मग माझं मलाच हसू आलं. आखातात पुरुषाबरोबर पुरुष राहतो हा काय पुरावा? तसं धरलं तर मुसफ्फाच्या लेबर कॅम्पातली खोलीखोलीतली आठ-आठ माणसं एकदम कॅनडाला जातील.

दुसऱ्या दिवशी मी रोहिणीकडे गेले. दार उघडून तिनं माझा चेहरा पाहिला आणि आत वळली.

"सांगितलं वाटतं त्यानं," ती म्हणाली.

"तू मला का नाही सांगितलंस गं? इतक्या वर्षांची मैत्री आपली."

"त्या गोऱ्या साहेबाची नक्कल केलीस ना भिशीत? तेव्हा चहा मीच ओतत होते, मंगल."

थोबाडीत बसली असती तर बरं, असं वाटलं. मी माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली नाही. तिनं समोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि माझ्या शेजारी बसली. मला तेवढं पुरे होतं.

बसल्या बसल्या माझी नजर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या पानांकडे गेली. पंचांगाचं कॅलेंडर आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी असायचंच, मुंबईहून कोणीतरी आणायचं. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

२००७ साली अधिक ज्येष्ठ आला होता. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावून जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं! त्या महिन्यातल्या एका शुक्रवारी मी रोहिणीकडे होते. नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता, त्यामुळे पानातल्या कोशिंबिरीचेसुद्धा फोटो काढत सुटले होते. तूप, खसखस, जाळीदार अनारसे, एकही तुपात हसून विरघळला नव्हता. नचिकेत आणि रामिल शेजारीशेजारी पाटावर. आणि रोहिणीनं रामिलला कुंकू लावून ते वाण त्याच्या हातात दिलं.

"अगं, जावयाचं वाण याला?" मी तेव्हा विचारलंही होतं.

"घरात लेक नाही, जावई कुठून आणू? वाण चुकवू नये म्हणतात," ती म्हणाली होती. मला वाटलं, परका पोर, आईपासून लांब, दिलं बिचाऱ्याला. एवढी चौकस म्हणून मिरवते, आणि डोळ्यांदेखत जावई झाला तरी मला पत्ता नाही.

घरी जाऊन मी कॉम्प्युटर उघडला. फोटो होता. दोघं पाटावर, रामिलच्या कपाळावर कुंकू, हातात अनारशांचं ताट, मागे भिंतीवर कॅलेंडर आणि त्यावर 'अधिक ज्येष्ठ' स्वच्छ वाचता येत होतं. एकच खोड, माझं फोटोग्राफीचं कसब. उजव्या कडेला समई धरलेला फक्त एक हात आला होता. प्रभाकरना मी मनगटापाशी कापलं होतं.

आता नुसता फोटो बघून कॅनडाच्या अधिकाऱ्याला काय कळणार? लाडू वाटताहेत असंच वाटणार. म्हणून रोहिणीनं पत्र लिहायचं ठरलं, मराठीत, म्हणजे इथे कोणाच्या सहज हाती लागलं तरी पाकक्रिया वाटेल. तिनं डायनिंग टेबलावर बसून लिहिलं. अधिक मास म्हणजे काय, वाण कोणाला देतात, ते दिलं की माणूस घरचा जावई कसा मानला जातो, आणि ते मी माझ्या मुलाच्या जोडीदाराला, रामिलला, दिलं. दोघं त्याआधीपासून एकत्र संसार करतात. खाली सही केली. तेवढ्यात प्रभाकर कामावरून आले.

त्यांना यातलं किती माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. रोहिणीलाही नव्हतं. बत्तीस वर्षांच्या संसारात दोघांनी या विषयावर एक शब्द काढला नव्हता. तिनं पटकन कागदावर हात ठेवला. त्यांनी बूट काढले, हात धुतले, चष्मा लावला आणि तिच्या हाताखालून कागद ओढून घेतला. सावकाश, दोन्ही बाजूंनी वाचला. फोटोही डोळ्यांजवळ धरून पाहिला.  आता हा माणूस कागद फाडतो, असंच मला वाटलं.

"वाण एकटी बाई देत नाही," ते म्हणाले. "जोडीनं देतात."

त्यांनी फोटो पुन्हा उचलला.

"आणि फोटोत माझा फक्त हात आलाय. साहेबानं विचारलं, हात कोणाचा, तर? पेन दे."

रोहिणीच्या सहीशेजारी त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, आणि "जेवायला काय आहे?" म्हणून आत गेले. रोहिणी ओट्याशी जाऊन पदरात तोंड खुपसून रडली. मीही रडले. आतून आवाज आला, "वरण गरम करा कोणीतरी."

पत्र भाषांतर करून नोटरी करायचं काम दुबईत नको म्हणून मी चार दिवसांची रजा टाकून नाशिकला आले. कोर्टाजवळचे एक म्हातारे वकील भाषांतरं करायचे. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, जावई कळला. मुलगी कुठाय?"

"मुलगी नाही."

"मुलगी नाही, मग जावई?"

"तुम्ही भाषांतर करा हो, संशोधन नको."

त्यांनी पुन्हा पत्र वाचलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि कामाला लागले. अनारशापाशी अडले. शेवटी 'तांदळाच्या पिठाची तेहतीस जाळीदार गोड बिस्किटं' असं त्यांनी इंग्रजीत लिहिलं, आणि अधिक महिन्याला 'जादा महिना'. शिक्का मारताना म्हणाले, "छत्तीस वर्षांच्या वकिलीत असा दस्त आला नव्हता. पोरं सुखात राहू देत." फी घेतली मात्र पुरेपूर.

तिकडे दुबईत रामिलची अडचण होती. वकिलातीनं सहीसाठी दिलेली तारीख लांबची, आणि साहेबांना यादी उरकायची घाई. माझ्या हातानं शिक्का आणला की तीस दिवस सुरू. मी खोटं काही केलं नाही, हे आधीच सांगते. फक्त आयुष्यात पहिल्यांदा सावकाश काम केलं. रामिलचे कागद गठ्ठ्यात सगळ्यांत खाली ठेवले. मग एक दिवस इमिग्रेशनला गेले आणि पुरुषांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले.

पोलीस धावत आला. "सिस्टर! लेडीज देअर!"

"नो, थँक यू," मी म्हटलं. "इक्वॅलिटी."

पुढचे पठाण, मल्याळी, बांगलादेशी, सगळे वळून बघायला लागले. बायकांची खिडकी रिकामी, आतली मुलगी माझ्याकडे हात हलवतेय, आणि मी पार्किंगमध्ये उन्हात उभी. माझा नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली. असं मी तीन वेळा केलं. ऑफिसात मिस्टर जॉर्ज विचारायचे, "मंगला, तो फिलिपिनो अजून गेला नाही?" मी म्हणायची, "टुमारो, सर, इन्शाल्ला." हा शब्द एकदा उच्चारला की तिथे पुढचा प्रश्न विचारायची पद्धत नाही. चौथ्या वेळी मात्र ते चिडून म्हणाले, "यल्ला, मंगला, तू म्हातारी झालीस!" सतरा वर्षांत कामाबद्दल ऐकलेला तो एकच अपशब्द. तो मी खाऊन घेतला.

सह्या झाल्या. दोघं वकिलातीत गेले ते इस्त्रीचे शर्ट घालून. त्यानंतरच मी बायकांच्या खिडकीवर गेले आणि रामिलच्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का आणला. शिक्का मारायला नेहमीप्रमाणे काही क्षण लागले. पासपोर्ट मी त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "इट्स ओके, मॅम मंगला. यू वेअर व्हेरी स्लो." तीस दिवसांनी तो मनिलाला गेला.

पुढचे महिने रोहिणी रोज मला फोन करायची आणि काहीच न विचारता हवापाणी बोलायची. कॅनडाचं उत्तर आलं तेव्हा पाकिटात दोन्ही नावं होती. नचिकेत दुबईहून निघाला, रामिल मनिलाहून, आणि दोघं टोरांटोच्या विमानतळावर भेटले. त्यांनी तिथे काढलेल्या फोटोत मध्ये तिसरा माणूस नव्हता. थंडीनं दोघांची नाकं मात्र लाल झाली होती.

त्या इंग्रज साहेबाला पुन्हा गाठावं, एकदा माफी मागावी, असं पुष्कळदा वाटलं. ते मंदीतच निघून गेले होते. त्यांचाही व्हिसा मीच रद्द केला होता आणि जाताना त्यांनी माझे आभार मानले होते. ते राहूनच गेलं.

पुढच्या साली अधिक वैशाख आला. रोहिणीनं तेहतीस अनारसे केले, एकेक कागदात गुंडाळला आणि डबा कुरिअरला द्यायला प्रभाकर निघाले. फॉर्म भरायचा असल्यामुळे अर्थातच मला बरोबर घेतलं. मी भरत गेले. पाठवणारा, घेणारा, वस्तू: गोड बिस्किटं. मग एक रकाना आला, घेणाऱ्याशी नातं. सवयीनं माझं पेन थांबलं. इतकी वर्षं असल्या रकान्यात काय लिहावं आणि काय लिहू नये, यावरच तर मी पोट भरलं. 'फ्रेंड' लिहायला मी पेन टेकवलं.

"सन-इन-लॉ लिही," प्रभाकर म्हणाले.

मी लिहिलं. काउंटरवरच्या मल्याळी मुलानं फॉर्म वाचला आणि आदबीनं विचारलं, "अंकल, आप की बेटी कनाडा में है?"

"नहीं," प्रभाकर म्हणाले. "बेटा."

मुलानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शिक्का मारला.